शिरस्त्राणाखालचे डोळे

चिक्कडपल्ली, मे २०१४, रविवार

अनिकेतने बजावलं होतं, "बाबा, पहिले डोळे रंगवा." पटावरच्या खेळातले हे बोटाएवढे राक्षस, योद्धे आधी तोच रंगवायचा. त्याची नजर गेली तेव्हा एकच योद्धा रंगवायचा राहिला होता. तो मी पुरा करायला घेतला, शिकत शिकत. पण हाताला सवय घरच्या गणपतीची. आमच्याकडे डोळे शेवटी, बाकी सगळं झाल्यावर. तसंच केलं. मग शिरस्त्राणाच्या कडेखाली कुंचला जाईना. डोळ्यांपायी टेकवत राहिलो, रंगावर रंग चढला.

टीव्हीवर राज्याची वाटणी चालू होती, कोण इकडे, कोण तिकडे. मला ते दोन डोळे जमेनात.

"असू द्या हो, त्याला कुठे दिसतंय," त्याची आई सुमन हळूच म्हणाली. अनिकेतने ऐकलं.

रंग वाळल्यावर त्याने हात पुढे केला. योद्ध्याच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"बाबा, याचं नाक किधर गया?"

"थोडं काम बाकी आहे रे, झालं की दिसेल."

दिसेल! काय बोलून गेलो मी.

नंतर गॅलरीत जाऊन डोळे मिटले आणि स्वतः बोट फिरवून पाहिलं. नाक नाही, ओठ नाहीत, सगळं गुळगुळीत. त्याच्यापुरता चेहरा बोटालाच कळत होता. तो मी बुजवला.