तिचे चांगले दिवस

४ मार्च
धाकटी बहीण पुन्हा पडून आहे. वेणी कधीची, कोण जाणे. नैराश्याची गोळी वाढवली, फरक नाही.

७ मार्च
आज नव्या डॉक्टरीणबाई. तरुण, पण घाई नाही. पहिलाच प्रश्न, कधीपासून? मी म्हटलं, कॉलेज सुटल्यापासून. आईचंही सांगितलं — तिला आवाज ऐकू यायचे, लोक विष घालतात असं वाटायचं. तो आजार वेगळा, म्हणाल्या, त्याचं औषधही वेगळं. मग विचारलं, ही पडून नसते तेव्हा कशी असते?
छान असते!
त्या लिहायच्या थांबल्या. "छान म्हणजे कशी?"
आठवून सांगते म्हटलं.

८ मार्च
कशी? झोपत नाही, थकत नाही. भल्या पहाटे जिना निळा रंगवायला काढते. एकदा घरातले सगळे पडदे कापून झगे शिवले — आणि ते घालून आम्ही दोघी बाजारात! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली गाणी मी पियानोवर वाजवायची, ती गायची. शेजारीण म्हणायची, हिला दृष्ट लागेल.
दवाखान्यात नेलं ते अंथरूण धरल्यावरच. हसत्या माणसाला कोण नेतं?

१० मार्च
सांगितलं तर ते दिवस जातील. नाही सांगितलं तर औषध चुकीचंच चालू राहील. धाकटीलाच विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सांग गं ताई. त्या दिवसांत मी गच्चीच्या कठड्यावरून चालते, तुला कुठे माहीत आहे?"
उठून भांडी घासली.

११ मार्च
सांगितलं. ही दोन्ही टोकं एकाच आजाराची, म्हणाल्या. नुसत्या नैराश्याच्या गोळीनं वरचं टोक आणखी वर जाऊ शकतं. आता मनाचा तोल सांभाळणारं औषध, आणि अधूनमधून रक्त तपासायचं.

२ मे
धाकटी स्वयंपाक करते. जिना अर्धाच निळा राहिला. आमटी अळणी लागली. ती म्हणते, मीठ बरोबर आहे. मला उजाडायच्या आत जाग येते, नुसती पडून राहते. पियानोवर इस्त्रीचे कपडे. तक्रार नाही. शाळेत मदर म्हणायच्या, चांगल्या मुली कुरकुरत नाहीत.

९ जून
तपासणी. धाकटीचं सगळं ठीक. मी पर्स उचलली, तर ही बसूनच.
"ताईनं माझे चांगले दिवस सांगितले, आता मी तिचे सांगते. तिला येतच नाहीत. आई गेली तेव्हा पियानो मिटला, तो मिटलाच."
डॉक्टरीणबाईंनी नवा कागद घेतला. कधीपासून, विचारलं.
मला.