बेंबीभोवतीचा गोल वळ

रोहा, मंगळवार संध्याकाळ

डोक्यात नुसती आग आहे. चार दिवस ह्यांचं पोट दुखत होतं, अंगात ताप. सासूबाईंचं एकच, "बेंबी सरकली गो, दवाखाना कशाला?" बेंबी जागेवर ओढायला पोटावर पेटती पणती, वर तांब्या पालथा. आणि हे शहाणे शिफ्ट बुडू नये म्हणून तसेच डोलवीला कंपनीत जात राहिले!

आज पेणला सोनोग्राफी झाली. पित्ताशय सुजलंय, त्यामुळे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. बेंबीभोवतीचा लाल, गोल वळ बघून डॉक्टर म्हणाले, "हे काय?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्या पोटावर चादर ओढली.

तो वळ डोळ्यांपुढून हलत नाही. सासूबाईंवर कुठल्या तोंडाने ओरडू? "दुखतंय गो," हे म्हणत होते, तरी तांब्या मीच दाबून धरला होता.