डोंगराच्या वरच्या अंगाने

अण्णा, मागच्या रविवारी तुमच्या डोंगराला पूर्ण वळसा घालून आले. दादरच्या एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेलो होतो, मी आणि तुमची नात. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. आता ती कॉलेजात आहे. ग्रुपच्या मेसेजमध्ये ‘माळरानं, जुनी कोकणी गावं, घरगुती जेवण’ असं लिहिलं होतं आणि खाली ओळखीच्या गावांची नावं होती. ती वाचून मी लगेच दोघींसाठी होकार कळवला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

माळ तसाच आहे. गवत वाळून पिवळं पडलंय, गुरं पांगलीत. तुम्ही पुढे चालताय, खांद्याला पिशवी, आणि लहानगी मी मागून पळतेय. पलीकडच्या गावी आत्याकडे जाताना डोंगर उजव्या हाताला, परतताना दुसऱ्या बाजूने, म्हणजे तेव्हाही उजव्याच हाताला. आल्या वाटेनं माघारी जायला आपण काय गुरं आहोत, म्हणायचात. खाली वाटेतल्या गावाची कौलं दिसताहेत, विहिरीवरच्या रहाटाचा आवाज येतोय, मला तहान लागलीय. तुम्ही मात्र मला वरच्या अंगाने, भर उन्हातून, झऱ्यापर्यंत नेताय. गावातून जाऊया ना, म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं. “गावात शिरलं की च्या घ्यायला लागतो. च्या घेतला की बसायला लागतं. बसलं की एस्टी गेलीच समज.” मी हसायचे. भोईवाड्याच्या चाळीत दारावरून जाणाऱ्या कुणालाही तुम्ही हाताला धरून चहाला आत आणायचात, हे मात्र माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला सरळ त्याच गावातून नेलं. दगडी पायऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंना सावली, आणि अर्ध्या वेळात आम्ही गाव ओलांडून शेवटच्या घरी जेवायला पोचलो. पडवी सारवलेली, गार. मी खांबाला टेकून बसले. घरच्या मावशी भाकऱ्या थापता थापता मधेच बाहेर येऊन चौकशी करत होत्या.

“तुम्ही कुठच्या?”

“परळच्या,” मी म्हणाले. खोटं नव्हतं.

“काय गं आई,” लेक म्हणाली. “मावशी, आमचं गाव डोंगराच्या पलीकडेच आहे. आजोबा तिकडचेच.”

“अगो, मग पाहुणी कसली, आमचीच की तू. कोणची वाडी?”

तिने माझ्याकडे पाहिलं. आपण कोण हे तिला पक्कं ठाऊक आहे, अण्णा. जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे असते. पण गावाकडे वाडी विचारतात तेव्हा काय विचारलेलं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे मी.

“बौद्धवाडी,” मी म्हणाले.

“हां, हां,” म्हणून मावशी आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या, दमलात असाल.”

त्यांचे हात पिठाचे होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते खरं आहे. भरल्या हाताने माणूस तांब्या खालीच ठेवतो. आधी इतरांना पाणी दिलं ते हातात दिलं का, हे मी कितीदा आठवून पाहिलं. पण तोवर मी बघतच नव्हते, त्यामुळे माझ्याजवळ ताडून पाहायला काही नाही. पुढे त्यांनी कुळथाची पिठी आग्रह करकरून वाढली, लेकीला म्हणाल्या, “खा गो, मुंबईत काय मिळतं तुम्हाला?” आणि मी पूर्ण जेवणभर त्या बाईचे हात बघत बसले. त्या जर सरळ मनाच्या असतील तर मी त्यांच्यावर अन्याय केला. आणि नसतील तर मी जेवून, वर छान झालं म्हणून आले.

निघताना लेकीने विचारलं, “आजोबा इथूनच जायचे?”

“नाही, वरून. माळावरून.”

“कशाला? केवढा फेरा पडतो.”

मी तिला तुमचं चहाचं उत्तर सांगितलं. शब्दही तुमचेच. ती खूप हसली, “भारीच होते आजोबा,” म्हणाली, आणि उरलेल्या वाटेवर तिने ते ग्रुपमधल्या दोघातिघांना ऐकवलं.

आता तिला मे महिन्यात मैत्रिणींबरोबर मावशींकडे दोन दिवस राहायला जायचंय. फोन नंबर घेऊन आलीय. आजोबा वरून का जायचे ते सांगितलं, तर ती त्या अंगणात माझे डोळे घेऊन जाईल, प्रत्येक तांब्या कुठे ठेवला ते बघेल. नाही सांगितलं आणि तिथे कुणी काही बोललं, तर ती एकटी असेल. मला तुम्ही सांगितलं नाहीत, अण्णा. मला ते रुपारेल कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर, दुसऱ्याच कुणाच्या गावाच्या गप्पांतून, सगळ्यांच्या देखत उमगलं, आणि त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्याबरोबर जेवले नाही. तुम्ही विचारलंत, पोट बिघडलं का. तेव्हा मी तुमच्यावर रागावले होते. आता मला रागवायचंय ते कुणावर, हे कळत नाही.

काल तिने पुन्हा विचारलं. जा, म्हणाले. आणखी काही बोलणार होते, पण ती सॅकचं बघायला उठली.

एक सांगून टाकते. हे मी तुमच्यासाठी लिहायला घेतलंच नव्हतं. तिला तोंडावर सांगवेना, म्हणून तुमच्या नावाने लिहावं आणि तिच्या टेबलावर ठेवावं, असं मनात होतं. पण लिहिताना आठवलं, की मावशींनी वाडी विचारण्याआधी त्या खांबाला टेकून बसले असताना माझ्या मनात आलं होतं, आपलं घर या गावात असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही ज्या गावात कधी शिरला नाहीत, त्याच गावात. हे तिने वाचू नये असं वाटतं. ती तुमची नात आहे; हे वाचूनही ती मला माफ करेल. पण तुम्ही कराल की नाही, ते मला माहीत नाही.