आंबोलीला, दोघंच

तारकर्ली, मंगळवार, १४ डिसेंबर २००४

आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीत उतरलेल्या नव्या नवरीने आज मासिकातली जगभरची प्रेमिकांची गावं दाखवली. एका चित्रात समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायरीवर टेकलेलं चाळिशी उलटलेलं जोडपं. तिने विचारलं, "काकू, लग्नानंतर तुम्ही कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. चौथ्या दिवशी हे होडीवर गेले आणि मी मासे विकायला."

हसले खरी, पण पायरीवरची ती दोघं डोळ्यांसमोरून हलेनात. आमच्याच वयाची असतील. मग मीच का गप्प बसू?

संध्याकाळी हे जाळं शिवत बसले होते. सरळ म्हटलं, "माका आंबोलीक जावचा आसा. दोघांनीच."

"कित्याक? कोण आजारी आसा?"

"कोण नाय. फिराक."

वाटलं, थट्टा करतील. जाळं बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "लग्न झाला तेव्हाच माका तुका व्हरूचा होता. तू हसशीत असा वाटला."

मला फिरायला न्यायचं बावीस वर्षं मनातच ठेवलं! आणि मला वाटायचं, ह्यांना समुद्राशिवाय काही सुचत नाही.

शुक्रवारी होडी किनाऱ्यावरच राहील. पाहुण्यांचं जेवण जाऊबाई बघतील. एसटीत खिडकीची जागा माझी, हे मी आत्ताच सांगून टाकलंय.