घटनेत आली शाळा

पोर्ट हार्लन, १२ सप्टेंबर

चि. ऑरिन यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत लिहिण्याचा प्रस्ताव म्हणजे कर वाढवायचं निमित्त, असं तू म्हणतोस. अरे, उद्या मुलांना धड शिकवलंच नाही, तर जाब कुणाला विचारायचा? न्यायालय म्हणतं, असा हक्क कुठे लिहिलेलाच नाही. म्हणून तर नोव्हेंबरात मतदान आहे. माझ्या सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला मी खुर्चीतून उठण्याआधी पटवते. कात्री माझ्याच हातात असते!

मी सांगते म्हणून नको, पण एकदा तुझ्या नातीच्या, टेसाच्या शाळेत डोकावून ये.

लोभ आहेच, या खेपेला तो मतपेटीतही पडू दे.

तुझी वेल्डाताई

---

एल्क फोर्क, ८ ऑक्टोबर

ती. वेल्डाताईस सा. न. वि. वि.

गेलो शाळेत. टेसाचा डबा घरी राहिला होता. तिचा गणिताचा वर्ग व्यायामशाळेत बसलेला, कारण गणिताला शिक्षकच नाही. समोर पडद्यावर पाठ चालू, आवाज बंद. टेसा म्हणाली, गेल्या वर्षीही असंच होतं. मग घरी का बोलली नाहीस, विचारलं. तर म्हणाली, आजोबा, तुम्ही म्हणाला असतात, कर वाढेल. ताई, त्या रात्री तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं.

गुरुवारी गावसभेत शाळांचे अधीक्षक म्हणाले, मिळतंय त्यात समाधान माना. मी उठलो. लग्नातसुद्धा दोन शब्द न बोलणारा मी! म्हटलं, माझ्या बागेतली सडकी सफरचंदं मी असं सांगून विकली असती, तर मला गावात राहू दिलं असतं का? सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या? शेजारच्या वॉल्टने, ज्याच्या कुंपणावर प्रस्तावाविरुद्ध पाटी होती. ती आता उतरली. तुमच्या बाजूच्या पाट्या पाठव, भरपूर पाठव.

माझं मागचं पत्र फाडून टाक, माया मात्र ठेव.

ऑरिन

---

पोर्ट हार्लन, ६ नोव्हेंबर

चि. ऑरिन यास अ. उ. आ.

जिंकलो रे! तुमच्या जिल्ह्याची तर आम्ही आशाच सोडली होती, तोही 'हो' म्हणाला. निकाल लागला तेव्हा बायका केसांना रंग लावून बसलेल्या. तशाच रस्त्यावर जाऊन नाचल्या. लुएलाचे केस त्या गडबडीत जांभळे झाले, आणि ती म्हणते, असेच राहू दे. प्रचार कार्यालयातल्या मुली विचारत होत्या, एल्क फोर्कला कुणी फिरवलं? मी छाती फुगवून म्हटलं, माझ्या धाकट्या भावानं.

असाच हट्टी राहा, पण बाजू हीच ठेव.

तुझी ताई

---

एल्क फोर्क, २१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अधीक्षकांचा स्वतःहून फोन आला. नवं कलम लागू झालंय, पालक कोर्टात जाण्याआधी शिक्षक नेमलेले बरे, असं चाचरत म्हणाले. गणिताच्या बाई सोमवारी रुजू झाल्या. भलत्याच कडक आहेत.

काल टेसाने दप्तर आपटलं. एवढा गृहपाठ कुणी देतं का, तुम्हीच भांडून आणलात, आता तुम्हीच सोडवा, म्हणून माझ्यावर ओरडली. मी दार उघडून वॉल्टला हाक मारली आणि तिला पुन्हा एकदा ओरडायला लावलं. ताई, इतकी गोड कुरकुर मी जन्मात ऐकली नव्हती.

आशीर्वाद असू देत. आणि बीजगणित येत असेल तर पत्र नको, तूच निघून ये.

तुझा ऑरिन