आत्याच्या दुपारी खर्चात धरा

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गावाने माझी मान उंच केली आहे. सरकारी पेन्शनच्या नावनोंदणीची खिडकी गेल्या वर्षी निम्म्या गावांत बंद झाली आणि लोकांनी मोबाइलवरून आपापली नोंदणी करायची असं ठरलं, हे तुला ठाऊकच आहे. यात पैसे खरंच वाचले का, हे मोजायचं काम माझ्याकडे आलंय. खिडकी बंद झालेली गावं एका बाजूला, चालू असलेली दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचा खर्च ताडून बघायचा. त्यात तुझं गाव पहिलं आलं. अर्जांत चुका नाहीत, मदतीसाठी फोन नाहीत. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या की फारच शहाणं गाव दिसतंय. मी लगेच सांगून टाकलं की तिथे माझी आत्या राहते.

जूनमध्ये माझा अहवाल जाईल. आकडे असेच राहिले तर उरलेल्या खिडक्याही बंद होतील.

आता तुझं सांग. शिवण-कारखान्यातून निवृत्त झालीस तेव्हा सगळ्या बायकांसमोर छातीठोकपणे म्हणाली होतीस की आता पोहायला शिकणार. मी घेऊन दिलेल्या पोशाखाला पाणी लागलं की तो अजून कपाटातच आहे?

लोभ आहेच, त्यात काटकसर करू नये.

तुझी,
मोजपट्टी

दि. १२ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझी टेप गळ्यात अडकवून मांजराची शेपटी मोजत फिरायचीस, तेव्हाच मी ओळखलं होतं की ही पोर मोठेपणी कुणाला तरी हैराण करणार. सरकार सापडलं, बरं झालं.

पोशाख कपाटातच आहे. तलाव बायकांसाठी दुपारी उघडतो आणि माझ्या दुपारी माझ्या राहिल्या नाहीत. खिडकी बंद झाल्यापासून जेवणं आटोपली की माणसं माझ्या गॅलरीत हजर. आधी सलूनवाले काका आले, मग त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना माझा पत्ता दिला. काल बेकरीवाल्याची आई आली होती. मोबाइल म्हणतो डोळे मिचकावा, आणि या डोळे घट्ट मिटून बसतात. पाऊण तास गेला, पण झाला एकदाचा फोटो. अर्ज पाठवण्याआधी मी दोनदा तपासते. मागाहून उसवत बसायला मला कारखान्यातही आवडत नसे.

तुझ्या बाई आम्हाला शहाणं म्हणाल्या, ते मी गॅलरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मंडळी फार खूश झाली.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच आहे.

तुझी,
आत्या

दि. २० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला आणि मग इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. अगं, तुझ्या गावातली खिडकी बंद झालीच नाही, ती उठून तुझ्या गॅलरीत गेली. माझ्या तक्त्यात कारकुनाचा पगार वाचलेला दिसतो, पण त्याचं काम कोण करतं ते कुठेच दिसत नाही.

मोठ्या बाईंना पत्र दाखवलं. आता रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसून एवढंच विचारलं की अशा आत्या इतर गावांत किती आहेत. मी गावोगाव चौकशी केली. एका ठिकाणी ग्रंथपाल निघाला, एका ठिकाणी टेलर, एका ठिकाणी शाळेतल्या निवृत्त बाई. जिथे असं कुणी नाही, तिथे अर्ज चुकांमुळे परत येतात आणि म्हाताऱ्या माणसांची पेन्शन महिनोन्‌महिने अडकते.

म्हणून विचारते, रोज किती वेळ जातो तुझा? तो मला खर्चात धरायचा आहे.

उत्तर लवकर यावं, रागावून आलं तरी चालेल.

तुझी,
मोजपट्टी

दि. २७ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद, आज जरा हात आखडूनच.

मी काय मजुरीला बसते? माणसं हक्काने येतात, चहा घेतात, हसून जातात. त्याचा खर्च मांडलास तर उद्या कोणत्या तोंडाने येतील ती? मला वाईट वाटलं, ते सरळ लिहिते.

रागाच्या भरात हे सलूनवाल्या काकांनाही सांगितलं. ते म्हणाले की पोरगी बरोबर बोलतेय, आम्ही तुमच्या दुपारी फुकटात खाल्ल्या. आणि पोहायला कधी जाणार म्हणून विचारलं.

रोज तीन तास, रविवार सोडून. लिही.

तुझी,
आत्या

दि. १८ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल मंजूर झाला. तुझ्यासारख्या सगळ्यांचा वेळ मजुरीच्या दराने धरला तरी बचत उरतेच, फक्त आधी दिसत होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. नवी पद्धत वाईट नाही, पण ती एकटी चालत नाही. म्हणून आता गावोगाव दुपारच्या वेळी पगारी मदतनीस बसेल, आणि तो बसेपर्यंत उरलेली एकही खिडकी बंद होणार नाही. मला फार आनंद झालाय, आणि तो आधी तुलाच कळवावासा वाटला.

आता तुझ्याकडे सबब उरलेली नाही.

तुझी,
मोजपट्टी

दि. ९ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी हात मोकळा सोडून.

मदतनीस मुलगी आली. चुणचुणीत आहे, अर्ज दोनदा तपासते. पहिले काही दिवस मी उगाच तिच्या मागे उभी राहायचे. शेवटी बेकरीवाल्याच्या आईने मला दंडाला धरून तलावावर नेलं आणि स्वतः काठावर पाय सोडून बसली. गॅलरीतली मंडळी आता संध्याकाळी येतात, अर्जाशिवाय, नुसती चहाला.

काल मी तलाव आडवा पार केला, मध्ये कुठेही पाय न टेकवता. वर आले तेव्हा मला रडू आलं, पण मी आधीच ओली असल्याने कुणाला कळलं नाही.

तलाव किती रुंद आहे ते मी विचारलेलं नाही. ते काम तुझं. टेप घेऊन ये.

वाट बघणारी,
आत्या