दंतवैद्याचं हसू

ता. ३ मार्च

चि. रंगोबास अनेक आशीर्वाद.

तुझी मुलाखत छापून आलेला अंक पोचला. तुझ्या भाचीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मध्येच तिला हसू आवरेना. तुझ्या चित्रांवर कुणाचा प्रभाव आहे असं विचारल्यावर तू थेट गुहेत चित्रं काढणाऱ्या आदिमानवापासून सुरुवात केलीस. तिथून ढगांवर गेलास आणि ढगांवरून शांततेवर. चित्रकला शिकताना तू आमच्याच घरी राहिलास, त्या सगळ्या वर्षांत तू शांत बसलेला काही मला दिसला नाहीस.

आणि ह्यांच्या दवाखान्यातले जबडे कुठे गेले रे? कॉलेजातले प्लास्टरचे पुतळे मोठी मुलं अडवून बसायची म्हणून तू रडकुंडीला आला होतास. तेव्हा ह्यांनी पेशंटांच्या जबड्यांचे साचे पिशवी भरून आणले, तुझ्या टेबलावर ओतले आणि या साच्यांवर उजेड-सावली शीक म्हणाले. मग आमच्या खिडकीत जबडे मांडलेले असायचे आणि समोरची शेजारीण पडदा लावून बसायची. तुला आदिमानव आठवला, जबडे आठवले नाहीत. मोठा माणूस झालास बाबा.

असो, कामाचं लिहिते. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. मला ह्यांचं चित्र हवं आहे, तुझ्या हातचं. भिंतीवरचा फोटो दवाखान्याच्या परवान्यासाठी काढलेला आहे. त्यात हे अगदी घुम्यासारखे बघतात. त्याची प्रत सोबत पाठवते. कोट नीट काढ, केस जरा दाट काढ, चेहरा हसरा हवा. आणि तो शेजारच्या दातावर चढलेला दात सरळ कर. जन्मभर मी मागे लागले होते, आता तरी होऊ दे.

रंगाच्या हातांनी जेवू नकोस. लोभ आहेच, तो वाढावा असं जरा वाग.

तुझी,
ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझी मान खाली गेली आणि मग भूक लागली, म्हणजे तब्येत ठीक आहे. जबड्यांचं म्हणशील तर मुलाखत घ्यायला आलेली मुलगी इतकी गंभीर होती की तिच्यापुढे दाढांचा विषय काढायला जीभ रेटेना. पण तू म्हणतेस ते खरं आहे. पांढऱ्यात किती रंग असतात हे मी त्या जबड्यांवर शिकलो. माझ्या चित्रांतल्या भिंती, चादरी, रिकाम्या खोल्या यांचं लोक कौतुक करतात, ते सगळं मुळात कुणाच्या तरी दाढांवर गिरवलेलं आहे. दुसरे गुरू म्हणजे आमचे रेखाटनाचे सर. ते वर्गाच्या दारातच खोडरबर काढून घ्यायचे. चुकलेली रेघ राहू द्या, तिच्या शेजारी बरोबर रेघ मारा, असं सांगायचे. या दोघांचं आयुष्यात कधी पटलं नसतं. सर वाकड्या रेघेवर खूश, आणि भावोजींचं मत तुला पाठच आहे: वरची ओळ खालच्या ओळीवर नीट बसली की झालं सौंदर्य. माझ्या प्रत्येक चित्रासमोर उभं राहून ते हे काय आहे असं विचारायचे. मी तासभर समजावायचो. मग ते मान हलवून म्हणायचे, छान आहे, पण हे काय आहे.

आता चित्राचं. कोट काढतो. केसही दाट करतो, त्यात माझंही भलं आहे, पुढेमागे मलाही कुणीतरी काढेल. पण दात सरळ करणार नाही. सगळं जागच्या जागी असलेल्या चेहऱ्यावरून नजर घसरून जाते. ती कुठेतरी अडली पाहिजे, अडली तरच माणूस दिसतो. आणि या फोटोत तर ओठच मिटलेले आहेत. मिटलेल्या ओठांतून हसू कुठून आणू? हसरा फोटो असेल तर पाठव.

शिवाय एक विचारतो. इतकी वर्षं माझ्या चित्रांना तू डाग म्हणत आलीस. आत्ताच एकदम चित्र का?

तुझा,
रंगोबा


ता. १९ मार्च

चि. रंगोबास अनेक आशीर्वाद.

डाग म्हटलं ते फक्त त्या मोठ्या निळ्या चित्राला, आणि तो डागच आहे.

सगळे अल्बम काढून बसले. ह्यांचा हसरा फोटो एकही नाही. लग्नातसुद्धा ओठ घट्ट. दंतवैद्याचाच दात वाकडा म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती. पेशंटांसमोर हात तोंडावर, कॅमेऱ्यासमोर ओठ मिटलेले. मनापासून हसायचे ते घरात. सरळ करून घ्या म्हटलं की म्हणायचे, माझ्या तोंडात हात घालू द्यावा असा दंतवैद्य गावात एकच आहे, आणि त्याचा हात पोचत नाही.

का हवंय ते सांगते. तुझ्या भाचीला सांगू नकोस. रंगोबा, मला ह्यांचा चेहरा आठवेनासा झाला आहे. डोळे मिटले की भिंतीवरचा फोटोच दिसतो. आवाज आठवतो, जिन्यावरची पावलं आठवतात, पण चेहऱ्याच्या जागी तो परवान्याचा माणूस येऊन बसतो. इतकी वर्षं ज्या माणसाकडे रोज पाहिलं त्याचा चेहरा दोन वर्षांत हातचा जावा, याची मला फार भीती वाटते. लाजही वाटते. तू चेहरे लक्षात ठेवणारा आहेस. तुझ्याकडे असेल तर काढून दे.

दात सरळच काढ मात्र.

तुझी,
ताई


ता. ३० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाची इथे आली होती, तिच्याबरोबर चित्र पाठवतो आहे. उशीर झाला कारण पहिली तीन खरवडून टाकली. फोटो समोर ठेवून काढलं की तुझा परवान्याचा माणूसच उतरायचा, फक्त हसायला लावलेला, आणि ते फारच भीतिदायक दिसायचं. शेवटी फोटो कपाटात टाकला आणि आठवणीतून काढलं. कोट काही जमला नाही, बनियन आहे. खांद्यावर टॉवेल आहे. दात वाकडा आहे.

माझ्या धंद्यात मी एवढंच शिकलोय, ताई. दिसतं तसं काढायला बसलं की माणूस सापडत नाही, आणि सुंदर काढायला बसलं की तो उठूनच जातो. मला भावोजी जसे भेटले होते तसे काढले. तुला हवे होते ते हेच का, हे मला माहीत नाही, आणि त्याचीच काळजी लागून राहिली आहे. नाही आवडलं तर भिंतीकडे तोंड करून ठेव. पण काय ते लगेच कळव, माझं कामात लक्ष नाही.

तुझा,
रंगोबा


ता. ८ मे

चि. रंगोबास आशीर्वाद.

चित्र मिळालं. तू मोठा चित्रकार आहेस असं छापून येतं, पण तुला साधी उजवी-डावी बाजू कळत नाही. दात ह्यांच्या डाव्या बाजूला होता, डाव्या. तू उजवीकडे काढलास. चित्र उघडल्याबरोबर मी किंचाळलेच, तुझी भाची घाबरून पाणी घेऊन आली.

दात डावीकडे असल्यामुळे ह्यांचं हसू डावीकडे आधी सुरू व्हायचं. वरचा ओठ त्या दातावर किंचित अडायचा, मग सुटायचा. त्याच बाजूचा डोळा बारीक व्हायचा, दुसरा नाही. भुवईत एक पांढरा केस होता तोही त्याच बाजूला, मी उपटू का म्हणायचे तर हे राहू दे म्हणायचे. आणि हसून झालं की हनुवटी जराशी वर करून बघायचे, मला हसू आलं की नाही ते. यातलं काही तुझ्या चित्रात नाही. बनियन मात्र अगदी भोकासकट काढलं आहेस, त्याचं मी कधीच पायपुसणं केलं होतं.

प्रभाव आदिमानवाचाच दिसतो. मला राग आला आहे.

ताई


ता. १५ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर आरशासमोर जाऊन उभा राहिलो आणि घोळ कळला. तुमच्याकडे बेसिन एकच होतं. सकाळी भावोजी दाढी करायचे आणि मी मागे टॉवेल घेऊन ताटकळत उभा राहायचो. ते आरशातूनच माझ्याशी बोलायचे, माझ्या घाईवर आरशातच खदखदून हसायचे. तेवढंच त्यांचं मोकळं हसू मी पाहिलं. बाकी वेळी हात तोंडावर असायचाच. त्यामुळे माझ्याकडचे भावोजी आरशातले आहेत, उलटे. इतकी वर्षं मी तेच खरे समजत होतो. समोरून हसताना त्यांना फक्त तू पाहिलंस.

येत्या रविवारी रंग घेऊन येतो. दात डावीकडे करतो, डोळाही करतो, भुवईतला केसही. तू शेजारी बसून सांग, मी काढतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. राग सोड.

तुझा,
रंगोबा


ता. २० मे

चि. रंगोबास अनेक अनेक आशीर्वाद.

रविवारी ये, पोटभर जेव, पण रंग घरी ठेवून ये. चित्राला हात लावायचा नाही.

फोटो मी काढून आत ठेवला, तिथे आता चित्र आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, असे नव्हे हो, डावीकडे. मग डोळे मिटते, आणि हे डावीकडून हसतात.

तुझी,
ताई